रोबो चुकला की मूल चुकलं? लहान मुलांना रोबोटिक्स-कोडिंग शिकवण्याचं अर्धवेळ काम सुरू करताना

माझ्या पहिल्या तासाला बारा मुलं होती आणि सहा रोबो. आदल्या रात्री सहाही रोबो मी चार्जिंगला लावले होते, फक्त एक्स्टेन्शन बोर्डाचं बटण चालू करायला विसरले होते. दोन रोबो जुन्या चार्जवर कसेबसे चालले, बाकीचे गप्प. पण त्या दिवसाचं मनाला लागलं ते वेगळंच. सात-आठ वर्षांची एक मुलगी तिच्या रोबोला उजवीकडे वळायला सांगत होती आणि तो इमानेइतबारे डावीकडे वळत होता. तिने प्रोग्रॅम तीनदा पुसला, तीनदा पुन्हा रचला. शेवटी म्हणाली, "मला नाही येत हे." तास संपल्यावर सामान आवरताना दिसलं की दोन मोटरींच्या वायरी मी एकमेकींच्या जागी खोचल्या होत्या. तिचा प्रोग्रॅम पहिल्यापासून बरोबर होता.

या कामात चुका दोन जातींच्या असतात. एक मुलाची चूक: क्रम उलटा लागला, अट एकदाच तपासली गेली, वळण कमी पडलं. ही चूक म्हणजेच धडा, तिला शिक्षकाने हात लावायचा नसतो. दुसरी सामानाची चूक: सेल उतरले, वायर सैल झाली, टॅब्लेट भलत्याच रोबोला जोडला गेला. हिच्यातून प्राथमिकचं मूल काहीही शिकत नाही, फक्त स्वतःला 'ढ' समजायला लागतं. नवखे शिक्षक नेमकं उलटं करतात. मुलाची चूक दिसली की माऊस हिसकावून घेतात आणि सामानाची चूक मुलाच्या माथी मारतात. खाली जे सांगते आहे ते या दोन जाती वेगळ्या ठेवण्यासाठीच आहे.

पहिली पायरी: स्वतः काय शिकायचं

इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. क्रम, पुन्हापुन्हा करणं म्हणजे लूप, अट, आकडा लक्षात ठेवणारा डबा म्हणजे व्हेरिएबल, सेन्सर आणि मोटर, एवढं पक्कं हवं. मात्र 'पक्कं' याचा अर्थ तुम्हाला वापरता येतं असा नाही. सहा वर्षांच्या मुलाला ते एकही तांत्रिक शब्द न वापरता सांगता आलं पाहिजे.

साधनं वयाप्रमाणे बदलतात. पाच ते सात वर्षांसाठी स्क्रॅचज्युनिअर हे ॲप आहे, त्यात ब्लॉक म्हणजे एकेका हुकमाचे ठोकळे जोडून प्रोग्रॅम रचायचा. ते २०१४ मध्ये आलं आणि त्यातले ब्लॉक चित्रांचे असल्यामुळे वाचता न येणारं मूलही त्यात रमतं. याच वयाला बी-बॉटसारखा पाठीवर बटणं असलेला जमिनीवरचा रोबोही छान. एकदा 'पुढे' दाबलं की तो १५ सेंटिमीटर जातो आणि एका वळणात ९० अंश फिरतो, म्हणून कार्डशीटवर १५ सेंटिमीटरचे चौकोन आखले की त्याचा नकाशा तयार. आठच्या पुढे स्क्रॅच, त्यात शब्दांचे ब्लॉक जोडून खेळ आणि गोष्टी रचायच्या. एमआयटी मीडिया लॅबने ते २००७ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं, ते मोफत आहे आणि इंटरनेट नसतानाही चालणारी त्याची आवृत्ती मिळते. त्यानंतर मायक्रोबिट: बीबीसीने २०१६ मध्ये शाळकरी मुलांसाठी आणलेला तळहातावर मावणारा छोटा संगणक-बोर्ड. त्यावर पाच ओळींत पाच असे २५ लाल दिवे, दोन बटणं आणि हलवल्याचं, कलल्याचं ओळखणारा सेन्सर असतो. हातात बोर्ड नसला तरी मेककोड या प्रोग्रॅम रचायच्या वेबसाइटवर त्याची नक्कल चालवून बघता येते, त्यामुळे सराव आजपासून सुरू करता येईल.

एकाच किटचे भक्त होऊ नका. लेगो माइंडस्टॉर्म्स हे रोबो-किट १९९८ मध्ये आलं, पुढे त्याच्या अनेक पिढ्या निघाल्या आणि २०२२ च्या अखेरीस कंपनीने ती मालिकाच थांबवली. जुने डबे मात्र अनेक ठिकाणी कपाटात आहेत आणि ते तुमच्याच हाती येण्याची शक्यता दाट आहे. तेव्हा काम घेताना 'किट कोणतं' याच्याबरोबर 'त्याचं ॲप तुमच्या आताच्या टॅब्लेटवर चालतं का' हेही विचारा.

पालकांना आणि काही संस्थाचालकांना पायथनची, म्हणजे टाईप करून लिहायच्या प्रोग्रॅमिंग भाषेची, फार घाई असते. माझं मत विचाराल तर दहाच्या आत नको. ज्या मुलाला कीबोर्डवर अक्षर शोधायला दोन सेकंद लागतात त्याचा सगळा तास विसरलेल्या अपूर्णविराम-चिन्हात जातो आणि विचार करायला वेळच उरत नाही.

दुसरी पायरी: हो म्हणण्याआधीचे प्रश्न

असं काम शाळांच्या छंदवर्गांत, शिकवणी चालवणाऱ्या संस्थांत, ग्रंथालयांत, सुट्टीतल्या शिबिरांत मिळतं. बहुतेक जण डेमो मागतात. डेमोमध्ये नाचणारा रोबो नेऊ नका. समोर बसलेल्या मोठ्यांना मुलं समजा, त्यांच्या हातात काम द्या आणि त्यांना एक चूक करू द्या. तुम्ही त्या चुकीचं काय करता हेच जाणत्या माणसाला बघायचं असतं.

मग तुमची विचारायची पाळी. एका किटमागे मुलं किती? दोन असतील तर उत्तम, तीन चालतील, चार असतील तर एक मूल प्रेक्षक होणारच. सामान कोणाचं, हरवलं-मोडलं तर भरायचं कोणी? खोलीत दुसरं मोठं माणूस असेल का? लहान मुलांसोबत एकट्याने बंद खोलीत राहू नये, ते मुलांच्या आणि तुमच्याही भल्याचं आहे. जिथे काम कराल तिथल्या नियमांप्रमाणे पार्श्वभूमी-तपासणी लागत असेल तर ती आधी पूर्ण करा. मुलांचे फोटो काढायला पालकांची लेखी परवानगी आहे का तेही विचारून ठेवा. कारण संस्थेला जाहिरातीसाठी फोटो हवेच असतात आणि मागणी ऐन तासात येते.

आता पैशांचं. जाहिरातीत 'ताशी' लिहिलेलं असतं, पण हा तास साठ मिनिटांचा कधीच नसतो. पाऊण तास आधी पोचून मांडामांड, अर्धा तास आवराआवर, आदल्या रात्री अर्धा तास चार्जिंग आणि तपासणी, शिवाय जाणं-येणं. माझ्या हिशेबात एका तासाचे तीन तास तरी होतात. मिळणाऱ्या रकमेला तीनने भागून जो आकडा येतो तो परवडत असेल तरच हो म्हणा. आयत्या वेळी वर्ग रद्द झाला तर काय, हे कागदावर घ्या. आणखी एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही: शाळेनंतरचे वर्ग सगळीकडे त्याच दोन-अडीच तासांत भरतात. त्यामुळे दिवसाला एक, फार तर दोन वर्ग होतात. पाच संस्थांनी बोलावलं तरी घड्याळ एकच. सुट्ट्या सुरू झाल्या की शाळेतलं काम थांबतं आणि शिबिरांचं अचानक अंगावर येतं, वर्षाचं गणित त्या चढउतारांसकट मांडा.

तिसरी पायरी: आदली रात्र

माझ्या मते निम्मं काम इथेच होतं.

प्रत्येक रोबोला नंबर द्या आणि तोच नंबर त्याच्या टॅब्लेटवर चिकटवा. आठ सारखे रोबो एकदम चालू केले की ब्लूटूथच्या यादीत आठ सारखी नावं येतात. मग एका टेबलावरचं मूल बटण दाबतं आणि पलीकडच्या टेबलावरचा रोबो पळतो. त्यावरून भांडणं होतात, खरोखरची. ॲपमध्ये नाव बदलता येत असेल तर रोबोचंही नाव त्याच नंबराचं ठेवा. मायक्रोबिटवर रेडिओने निरोप पाठवण्याचा खेळ घेणार असाल तर प्रत्येक जोडीला वेगळा गट-क्रमांक द्या, ० ते २५५ मधला कोणताही. नाहीतर प्रत्येकाचा निरोप प्रत्येकाच्या बोर्डावर उमटतो. (एकदा मुद्दाम तसं करून बघा. गोंधळ बघून मुलंच विचारतात, "पत्ता कसा लिहायचा?")

यूएसबी केबल तपासा. काही स्वस्त केबलींत फक्त वीज नेणाऱ्या तारा असतात, माहिती नेणाऱ्या नसतात. बोर्डावर दिवा लागतो, सगळं ठीक दिसतं, पण संगणकाला बोर्ड दिसतच नाही. अशी केबल सापडली की तिथल्या तिथे तिला गाठ मारा, म्हणजे पुन्हा पिशवीत जाणार नाही.

सेलचा त्रास सगळ्यात फसवा. साधा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा, निकेल-मेटल हायड्राइडचा रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा. चार सेलांमागे हा फरक ६ आणि ४.८ व्होल्ट असा होतो आणि तोच रोबो सुस्त वाटतो. त्यात मुलाने 'एक सेकंद उजवीकडे वळ' असं लिहिलेलं असेल तर मागच्या आठवड्यात काटकोनात वळलेला रोबो आज त्याच्या अलीकडेच थांबतो. प्रोग्रॅम तोच, चूक सेलची, आणि मूल आकडे बदलत बसतं. मोटर किती अंश फिरली हे मोजणारं किट असेल तर सेकंदांऐवजी अंशांत सांगायला शिकवा. नसेल तर सगळ्यांना एकाच प्रकारचे, सारखेच भरलेले सेल द्या.

सेन्सरही खोलीप्रमाणे वागतात. रोबोंवर जे दोन डोळ्यांसारखं दिसतं ते बहुधा आवाजाने अंतर मोजणारं यंत्र असतं. ते माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडतं आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते मोजतं. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, त्यावरून अंतराचा हिशेब. पण समोर लोकरीची बाही धरली की प्रतिध्वनी तिच्यातच मुरतो. भिंत तिरकी असली की तो भलतीकडे निघून जातो आणि रोबो खुशाल धडकतो. काळ्या रेषेवरून चालणाऱ्या रोबोचं दुखणं वेगळं, त्याला खिडकीतून येणारं ऊन आणि चकचकीत चिकटपट्टी चालत नाही. म्हणून वर्ग ज्या खोलीत, ज्या वेळी होणार तिथेच एकदा चालवून बघा.

सुरक्षेबाबत मात्र हयगय नको. बटणाच्या आकाराचे चपटे सेल लहान मुलांच्या वर्गात शक्यतो आणूच नका. आणावे लागले तर स्क्रूने बंद होणाऱ्या खणातच. असा सेल गिळला गेला तर अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. शंका जरी आली तरी वाट न बघता दवाखाना गाठायचा. फुगलेली लिथियम बॅटरी चार्जिंगला लावायची नाही, बाजूला काढायची. लांब केस बांधलेले हवेत, गिअर केस ओढतात.

चौथी पायरी: तास

सुरुवातीची दहा मिनिटं टॅब्लेट-संगणकांचे पडदे बंद. मी स्वतः रोबो होते आणि मुलं मला दारापर्यंत न्यायचा प्रयत्न करतात. नियम एकच: सांगितलं तेवढंच करायचं, समजून घ्यायचं नाही. "पुढे चला" म्हटलं की मी चालत राहते, भिंतीला नाक लागलं तरी पाय हलवत राहते. मुलं खिदळतात आणि ओरडतात, "थांबा पण!" मी म्हणते, "थांब असं कोणी सांगितलंच नव्हतं." यंत्राला मनातलं कळत नाही, हे यानंतर वेगळं सांगावं लागत नाही.

पुढे पस्तीस मिनिटं जोड्यांनी काम. एक चालक, त्याच्याच हातात माऊस. दुसरा वाटाड्या, त्याने फक्त बोलायचं. दर सात मिनिटांनी घंटा वाजवून अदलाबदल. घंटा नसेल तर चालक कधीच उठत नाही आणि शांत मूल महिनाभर वायरी धरून बसतं. मग पाच मिनिटं एकमेकांचं बघायला आणि शेवटची दहा आवरायला. ही दहा मिनिटं कोणत्याही मोहाने खाऊ नका. डब्याच्या झाकणात आतल्या तुकड्यांचा फोटो चिकटवून ठेवला की मुलंच मोजून भरतात, नाहीतर तुम्ही एकटेच जमिनीवर रांगत राहता.

एक धडा जरा तपशिलात सांगते, कारण तो मी वर्षानुवर्षं घेते आणि दर वेळी कोणीतरी त्यात छान अडकतं. मुळात तो फार जुना आहे. १९६७ मध्ये सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फ्युर्झाइग यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली. तिच्यातलं कासव, आधी जमिनीवरचा रोबो आणि मग पडद्यावरचं, चालताना मागे रेघ काढायचं. स्क्रॅचच्या पडद्यावर एक मांजर असतं, पेनचे ब्लॉक जोडले की ते तेच करतं.

आधी चौकोन. पुढे १००, उजवीकडे ९० अंश, असं चार वेळा. मुलं आठ ब्लॉक लावतात, लावू द्या. कंटाळा आला की 'चार वेळा कर' हा ब्लॉक स्वतःच शोधतात. मग सांगायचं, त्रिकोण काढा. ज्यांना कोन ठाऊक आहेत ती मुलं आत्मविश्वासाने ६० लिहितात, कारण वहीतल्या समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचाच असतो. मांजर तीन रेघा काढतं आणि आकृती उघडीच राहते, अर्ध्या षटकोनासारखी. इथे तुमची जीभ शिवशिवते. बोलू नका. जमिनीवर चिकटपट्टीने त्रिकोण आखा आणि मुलाला त्यावरून चालायला लावा. कोपऱ्यावर पोचल्यावर ते सरळ समोर बघत असतं आणि पुढच्या बाजूला तोंड करायला त्याला बरंच वळावं लागतं. आतला कोन ६०, पण वळायचं ते उरलेलं, १८० वजा ६० म्हणजे १२०. मूल दोन-तीनदा चालतं आणि मग एकदम धावत संगणकाकडे जातं. त्यापुढे पंचकोन, षटकोन मागितले तर चौथीतलं एखादं मूल ३६० ला बाजूंच्या संख्येने भागायचं गुपित शोधून काढतं. लहानांना अंश सांगूच नका, 'पाव गिरकी' म्हणा.

डावं-उजवं हाही एक पेच आहे. रोबो मुलाकडे तोंड करून येत असला की त्याचं उजवं मुलाच्या डावीकडे जातं. रोबोच्या उजव्या बाजूला लाल टिकली चिकटवा आणि मुलांना उठून रोबोच्या मागे जाऊन उभं राहायची मुभा द्या. वर्ग थोडा गडबडीचा होईल.

पाचवी पायरी: चूक ओळखायची कशी

हात मागे बांधा. मी खरंच तशी उभी राहते. मुलाने "टीचर, चालत नाहीये" म्हटलं की तीन प्रश्न: काय व्हायला हवं होतं? काय झालं? वेगळं वागायला कुठून सुरुवात झाली? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधताना निम्म्या चुका मुलांनाच सापडतात.

काही चुका इतक्या ठरलेल्या आहेत की लांबूनच ओळखू येतात. स्क्रॅचमध्ये 'कडेला लागलं तर आवाज कर' असं लिहिलेलं असतं, पण 'नेहमी' या ब्लॉकच्या आत नसतं. प्रोग्रॅम सुरू होताच संगणक एकदाच विचारतो, "कडेला लागलंय का?" नाही म्हटल्यावर पुन्हा विचारत नाही. दुसरी चूक म्हणजे खेळ दुसऱ्यांदा सुरू केला की मांजर मागच्या वेळी थांबलं तिथूनच निघतं, कारण सुरुवातीच्या जागी परत जा असं कोणी सांगितलेलंच नसतं. ही जागा आकड्यांत सांगावी लागते: स्क्रॅचच्या पडद्याचा मध्य ० आणि ०, डावीकडे -२४० पर्यंत, उजवीकडे २४० पर्यंत. ऋण संख्या शिकलेल्या नसलेल्या मुलांना डाव्या भागाला 'शून्याच्या अलीकडचं गाव' म्हटलेलं पटतं.

मुलाच्या चुकीला वेळ द्या, पण घड्याळाकडे लक्ष ठेवून. सात-आठ मिनिटं तेच चाललं असेल आणि चेहरा पडला असेल तर आधी सामानावर संशय घ्या: मुलाचा प्रोग्रॅम दुसऱ्या, नक्की चालणाऱ्या रोबोवर चढवा. तिथे चालला तर मुलाला मोठ्या आवाजात सांगा, "तुझं बरोबर होतं, रोबो बिघडलाय." आणि तो रोबो बाजूला ठेवा, तासात उघडून बसू नका. म्हणून दर सहा रोबोंमागे एक जास्तीचा हवाच. दोन्हीकडे सारखंच चुकलं तर प्रोग्रॅमकडे परत. ही अदलाबदल आठ-नऊ वर्षांची मुलं महिनाभरात स्वतःहून करू लागतात.

सगळं पटकन उरकणाऱ्या मुलाला नवा धडा देऊ नका, त्याच धड्यात अडचण वाढवून द्या: आता हेच तीन ब्लॉक कमी वापरून कर. आणि जे मूल अख्खा तास मांजराचे कपडेच रंगवतं त्याला रागावू नका, "घंटा होईपर्यंत रंग, मग हे मांजर कुठे चाललंय ते सांग," एवढंच म्हणा. त्याची गोष्ट बहुतेक वेळा इतरांपेक्षा बरी निघते.

पालक आणि शेवटचं आवरणं

पालक दारात विचारतात, "आज काय बनवलं?" आणि काही दिवशी सांगण्यासारखं काहीच नसतं. या दडपणाखाली संस्था सगळ्या मुलांकडून एकच चकचकीत खेळ उतरवून घेतात आणि घरी पाठवतात. त्यापेक्षा प्रत्येक मुलामागे एक ओळ लिहा: आज कुठे अडकला आणि कसा सुटला. "त्रिकोण बंद होत नव्हता, चालून बघितलं, १२० सापडले." पालकांना हे आवडायला दोन-तीन आठवडे लागतात. मग तेच घरी विचारू लागतात.

तास संपला, मुलं गेली, की घरी निघण्याआधी वहीत सामानाची नोंद. सकाळी आठवणार नाही. माझ्या वहीतलं मागच्या आठवड्याचं पान असं आहे: रोबो २, डावं चाक घासतं, केस अडकलाय, काढायचा. रोबो ५, ब्लूटूथला नाव दिसत नाही. पिवळी केबल, गाठ मारली. छोटे गिअर अकरा, हवेत बारा, खिडकीखाली बघायचं.